कारखान्यातल्या उपकरणांवरचा सायबर हल्ला मशीन लर्निंगने कसा ओळखायचा: नवख्यांसाठी पहिल्या पायरीपासून

२००० सालच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये, मरूची शायर भागातली सांडपाण्याची यंत्रणा विचित्र वागायला लागली. रेडिओने मुख्य केंद्राशी जोडलेली १४२ पंपिंग स्टेशनं. पंप चालू व्हायला हवे तेव्हा होत नव्हते, अलार्म यायला हवा तेव्हा येत नव्हता, संपर्क मध्येच तुटत होता. यंत्रणा नवी होती, म्हणून सगळ्यांना वाटलं की बसवतानाच काहीतरी राहून गेलंय. तपासण्या झाल्या, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं गेलं, तरी त्रास संपेना. एका इंजिनीअरने रेडिओवरचे संदेश नोंदवून बारकाईने पाहिले तेव्हा कळलं, की कुणीतरी बाहेरून आज्ञा पाठवतंय. यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत आधी काम केलेला माणूस गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ ठेवून हे करत होता. तोवर सुमारे ८ लाख लिटर मैला बागांत, ओढ्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात पसरला होता. २००१ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

कारखान्यावरचा हल्ला हा बऱ्याचदा असा असतो. स्क्रीनवर कवटी येत नाही, खंडणीची चिठ्ठी येत नाही. पंप नीट चालत नाही, एवढंच दिसतं. मेंटेनन्सवाल्यांना बिघाड वाटतो, आयटीवाल्यांपर्यंत बातमी पोचतच नाही. म्हणून या कामात नवीन येणाऱ्याला मी सगळ्यात आधी हे सांगतो: हल्ला कसा दिसतो ते मॉडेलला, म्हणजे डेटावरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवायच्या मागे लागू नका. प्लांट नीट चालतो तेव्हा कसा दिसतो ते शिकवा, आणि त्याआधी ते स्वतः शिका. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच विचारावर उभ्या आहेत.

हा लेख इन्स्ट्रुमेंटेशन किंवा कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तसाच चाकण, बुटीबोरी किंवा वाळूजच्या एखाद्या युनिटमध्ये पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक कॉम्प्युटर) सांभाळणाऱ्या आणि आता "सायबर"चंही बघा असं सांगितलं गेलेल्या माणसासाठीही. थोडंफार पायथॉन येत असेल तर पुरे. महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, साधा लॅपटॉप चालतो.

पायरी १: मॉडेलच्या आधीची साफसफाई

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपा गावच्या पाणीपुरवठा यंत्रणेतला एक पीएलसी हल्लेखोरांनी ताब्यात घेतला. त्या जातीचे पीएलसी थेट इंटरनेटवर उघडे होते आणि कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड होता चारच आकडी, ११११. असा हल्ला ओळखायला मशीन लर्निंग लागत नाही. पासवर्ड बदलायला लागतो.

तेव्हा आधी यादी करा. कोणता पीएलसी, कोणता ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण), कोणता गेटवे, कुणाचा आयपी पत्ता काय, फर्मवेअर कोणतं. मशीन विकणाऱ्या कंपनीने दुरून सर्व्हिस देता यावी म्हणून पॅनेलमध्ये बसवलेला सिमकार्डवाला मोडेम यादीतून हमखास सुटतो, तो मुद्दाम शोधा. ऑफिसचं नेटवर्क आणि प्लांटचं नेटवर्क वेगळं आहे का ते बघा. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) मर्स्क समूहाचं जगभरातलं काम ठप्प केलं, तेव्हा न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलही अडकलं. तो हल्ला क्रेनवर नव्हता, कॉम्प्युटरवर होता. तरीही कंटेनर हलेनात.

यादी करताना एक पथ्य पाळा. चालू प्लांटवर पोर्ट स्कॅनर (नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाचं दार ठोठावून बघणारं सॉफ्टवेअर) चालवू नका. जुने पीएलसी अनपेक्षित पॅकेटने गोंधळून थांबतात, आणि मग लाइन तुमच्यामुळे बंद पडते.

पायरी २: नुसतं ऐकायला शिका

प्लांटमधली माहिती दोन ठिकाणी मिळते. एक म्हणजे नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं. दुसरी म्हणजे प्रक्रियेची रीडिंग: पातळी, दाब, प्रवाह, तापमान, आणि कोणता पंप व व्हॉल्व्ह कोणत्या स्थितीत आहे. ही रीडिंग बहुतेक ठिकाणी स्काडाच्या (प्लांटवर दुरून नजर ठेवणाऱ्या आणि आज्ञा देणाऱ्या यंत्रणेच्या) हिस्टोरियनमध्ये, म्हणजे नोंदींच्या साठ्यात, आधीच साठत असतात.

पॅकेटांसाठी स्विचचा मिरर पोर्ट किंवा टॅप वापरा, म्हणजे प्रत मिळते आणि मूळ वाहतुकीला धक्का लागत नाही. झीक हे मोफत सॉफ्टवेअर मॉडबस आणि डीएनपी३ हे औद्योगिक उपकरणांचे प्रोटोकॉल (आपसात बोलायचे ठरलेले नियम) वाचू शकतं. मॉडबस १९७९ मधला आहे. त्यात आज्ञा देणारा कोण हे तपासायची काही सोयच नाही. पोर्ट ५०२ वर जो बोलेल त्याचं पीएलसी ऐकतो. फंक्शन कोड ३ म्हणजे रजिस्टर (पीएलसीतला आकड्यांचा कप्पा) वाचणं, ६ म्हणजे एका रजिस्टरमध्ये लिहिणं, १६ म्हणजे अनेकांमध्ये लिहिणं.

ऑफिसच्या नेटवर्कच्या मानाने इथली वाहतूक फार नेमाची असते. तेच स्काडा सर्व्हर, तेच पीएलसी, दर सेकंदाला तेच प्रश्न. म्हणून दोन-तीन आठवड्यांची नोंद घेतली की कोण कुणाशी बोलतो, कोणत्या कोडने आणि किती वेळाने, याचा तक्ता तयार होतो. त्या तक्त्याबाहेरचं काहीही दिसलं, उदाहरणार्थ एरवी फक्त वाचणाऱ्या पत्त्यावरून अचानक कोड १६ आला, तर अलार्म. हा साधा नियम आहे आणि तो जरूर लावा. माझा अनुभव असा, की नवखी मंडळी नियमाला कमी लेखतात आणि न्यूरल नेटवर्ककडे धाव घेतात. जे नियमाने पकडता येतं ते नियमानेच पकडावं. मॉडेल उरलेल्यासाठी असतं.

उरलेलं काय? हल्लेखोर अधिकृत स्काडा मशीनमध्येच शिरला आणि तिथूनच नेहमीच्या कोडने आज्ञा द्यायला लागला तर पॅकेटांचा तक्ता गप्प बसतो. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनच्या वीज वितरण कंपन्यांमध्ये हेच झालं. ऑपरेटरच्याच स्क्रीनवरून ब्रेकर उघडले गेले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. अशा वेळी प्रक्रियेच्या रीडिंगकडे बघावं लागतं, कारण हल्लेखोराला शेवटी पाणी, वाफ, वीज किंवा वेग यांपैकी काहीतरी हलवायचंच असतं.

पायरी ३: सरावासाठी डेटा मिळवा

स्वतःच्या प्लांटमधल्या हल्ल्याचा डेटा तुमच्याकडे नसतो, आणि नसलेलाच बरा. सरावासाठी मी "स्वॉट" नावाचा डेटासेट सुचवतो. सिंगापूर युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी अँड डिझाइनमधल्या आयट्रस्ट या केंद्राने पाणी शुद्धीकरणाचा एक छोटा पण खराखुरा प्लांट उभारलाय. त्यात सहा टप्पे आहेत: कच्चं पाणी साठवणं, रसायनं मिसळणं, अल्ट्राफिल्ट्रेशन, अतिनील दिव्यांनी क्लोरीन काढणं, आरओ, आणि शेवटी बॅकवॉश (उलटं पाणी सोडून गाळण्या धुणं). डिसेंबर २०१५ च्या अखेरीपासून त्यांनी तो सलग ११ दिवस चालवला. पहिले ७ दिवस नेहमीसारखा, पुढचे ४ दिवस मधूनमधून हल्ले करत. एकूण ३६ हल्ले. २५ सेन्सर आणि २६ पंप-व्हॉल्व्ह वगैरे मिळून ५१ रकाने, दर सेकंदाला एक ओळ. केंद्राकडे अर्ज केला की डेटा मिळतो. तोवर हात चालू ठेवायचा असेल तर दक्षिण कोरियातला "हाय" हा डेटासेट खुला आहे. त्यात बॉयलर आणि टर्बाइनही आहेत.

नेटवर्कच्या पॅकेटांवर सराव करायचा तर एज-आयआयओटीसेट किंवा टॉन-आयओटी आहेत. तिथे मात्र आयपी पत्ते, पोर्ट आणि वेळेचे रकाने आधी काढून टाका. प्रयोगशाळेत हल्ले ठरावीक मशीनवरूनच केलेले असतात, त्यामुळे मॉडेल हल्ला ओळखायच्या ऐवजी तो पत्ता पाठ करतं आणि ९९ टक्क्यांचा आकडा दाखवतं. तुमच्या कारखान्यात तो पत्ता कधी येणारच नाही.

पायरी ४: कोड लिहिण्याआधी आलेख बघा

या पायरीला घाई करू नका. सगळं मर्म इथे आहे.

स्वॉटची फाइल उघडली की आधी किरकोळ काटे टोचतात. काही रकान्यांच्या नावांआधी मोकळी जागा आहे, त्यामुळे नाव बरोबर लिहूनही रकाना सापडत नाही. हल्ल्याच्या लेबलमध्ये (ओळ हल्ल्याची की नेहमीची हे सांगणाऱ्या रकान्यात) काही ओळींत अक्षरांच्या मध्येच जागा पडलीय. ती दुरुस्त न करता गट केले तर दोनाऐवजी तीन वर्ग दिसतात. या गोष्टी स्वच्छ करा. मग सुरुवातीचे काही तास वेगळे काढा. प्लांट रिकाम्या टाक्यांपासून सुरू केलेला असल्याने ते तास "नेहमीचे" नाहीत, ते सुरू होण्याचे आहेत.

आता पहिल्या टप्प्यातले चारच रकाने घ्या. एलआयटी १०१ म्हणजे कच्च्या पाण्याच्या टाकीची पातळी, मिलिमीटरमध्ये. एफआयटी १०१ म्हणजे टाकीत येणारा प्रवाह. एमव्ही १०१ म्हणजे आत येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह: १ बंद, २ उघडा, ० मधली अवस्था. पी १०१ म्हणजे पाणी पुढे ढकलणारा पंप. सोबत पुढच्या टप्प्यातला एफआयटी २०१ घ्या, म्हणजे टाकीतून किती गेलं तेही कळेल.

एका दिवसाचा आलेख काढा. पातळी साधारण ५०० ते ८०० मिलिमीटरच्या मध्ये वरखाली होते. ५०० ला आली की व्हॉल्व्ह उघडतो, ८०० ला गेली की बंद होतो. व्हॉल्व्ह उघडा असताना ताशी अडीच घनमीटरच्या आसपास पाणी येतं, बंद असताना शून्य. अर्धा तास हा आलेख बघितला की तुम्हाला न सांगता एक नियम दिसायला लागतो: व्हॉल्व्ह बंद आणि पंप चालू असेल तर पातळी उतरलीच पाहिजे.

आता २८ डिसेंबरचा तिसरा हल्ला बघा. हल्लेखोर पातळीचं रीडिंग दर सेकंदाला एक मिलिमीटरने वाढवत नेतो. टाकीत पाणी तेवढं नाही, फक्त आकडा वाढतोय. पीएलसीला वाटतं टाकी भरली, तो व्हॉल्व्ह बंद करतो. पंप मात्र चालूच. खरी टाकी रिकामी होत जाते. हेतू सरळ आहे: पंप कोरडा चालवून त्याचं नुकसान करायचं. प्रत्येक रीडिंग सुटं पाहिलं तर त्यात खटकण्यासारखं काही नाही. ७०० मिलिमीटर ही पातळी रोजचीच आहे. व्हॉल्व्ह बंद असणं रोजचं आहे. खोटं आहे ते त्यांच्यातलं नातं. येणारं पाणी शून्य, जाणारं पाणी अडीच घनमीटर, आणि पातळी वाढतेय. हे होऊच शकत नाही.

हे ज्याला आलेखात दिसलं त्याने अर्धी लढाई जिंकली. स्वतःच्या प्लांटमध्ये हेच करायचं असेल तर वीस वर्षं तिथे काढलेल्या ऑपरेटरशेजारी बसा. "या टाकीचं काय पाहून तुम्हाला शंका येते?" असं विचारा आणि उत्तरं शब्दशः लिहून घ्या. ती उत्तरंच पुढच्या पायरीचे रकाने आहेत.

पायरी ५: रकाने घडवा

कच्ची रीडिंग मॉडेलला तशीच देऊ नका. नाती दिसतील असे नवे रकाने बनवा: पातळी गेल्या एका मिनिटात किती बदलली, येणारं वजा जाणारं पाणी किती, व्हॉल्व्हची स्थिती बदलून किती सेकंद झाले, पंप गेल्या तासात किती वेळा चालूबंद झाला.

इथे एक सापळा आहे. बरेच लेख सांगतात, ज्या रकान्याची किंमत कधी बदलतच नाही तो टाकून द्या. एरवी हा सल्ला ठीक. पण इथले राखीव पंप नेहमीच्या दिवसांत जवळपास हलतच नाहीत, आणि स्वॉटमधला दुसराच हल्ला म्हणजे पी १०२ हा राखीव पंप चालू करून पाइप फोडण्याचा प्रयत्न. रकाना टाकला की हल्लाही गेला. असे शांत रकाने मॉडेलमध्ये नकोत तर नकोत, पण त्यांच्यावर साधा नियम लावा: हलला की कळव.

पायरी ६: डेटाची विभागणी वेळेनुसारच

ओळी पिसून यादृच्छिक पद्धतीने प्रशिक्षण आणि चाचणी असे भाग केले तर १०:०५:०१ ची ओळ प्रशिक्षणात आणि १०:०५:०२ ची चाचणीत जाते. दोन्ही जवळपास सारख्याच. मग आकडे छान येतात आणि त्यांना काहीच अर्थ नसतो. पहिले पाच दिवस शिकायला, पुढचे दोन मर्यादा ठरवायला, आणि हल्ल्याचे दिवस फक्त शेवटच्या परीक्षेला, असं ठेवा. रीडिंग एका पट्टीवर आणताना सरासरी आणि विचलन फक्त शिकायच्या दिवसांतूनच काढा.

पायरी ७: मॉडेल, साध्यापासून सुरुवात

पहिलं मॉडेल एका ओळीचं असू द्या. पातळीतला बदल हा येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रवाहावरून काढणारं लिनियर रिग्रेशन. टाकीचं क्षेत्रफळ माहीत असायची गरज नाही, ते गुणकातून आपोआप निघतं. मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्ष बदल यांतला फरक, म्हणजे शेष, दर सेकंदाला मोजत राहा.

तो शेष थेट मर्यादेशी ताडू नका. सेन्सरमध्ये गोंगाट असतो, पाण्यावर लाटा असतात. त्याऐवजी क्युसम वापरा. ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये कारखान्यातल्या दर्जा-नियंत्रणासाठी मांडलेली ही पद्धत आजही अव्वल आहे. दर सेकंदाच्या फरकातून थोडी सूट वजा करायची, उरेल ते बेरजेत घालायचं, बेरीज शून्याखाली जाऊ द्यायची नाही, आणि ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की अलार्म. समजा सूट अर्धा मिलिमीटर आणि मर्यादा दहा. आकडा सेकंदाला एक मिलिमीटरने खोटा वाढत असेल तर दर सेकंदाला निदान अर्धा जमा होतो आणि वीस सेकंदांत अलार्म वाजतो. पाण्याला लाट आली तर बेरीज क्षणभर वर जाऊन परत शून्यावर येते.

हल्लेखोर सावकाश असेल, सेकंदाला ०.२ मिलिमीटरच वाढवत असेल, तर ही बेरीज वाढणारच नाही, कारण सूटच त्यापेक्षा मोठी आहे. म्हणून हाच हिशेब पाच मिनिटांच्या आणि अर्ध्या तासाच्या खिडकीवरही चालवा. सेकंदाच्या गोंगाटात लपलेलं पाणी अर्ध्या तासाच्या जमाखर्चात लपत नाही.

यानंतर सगळे ५१ रकाने एकत्र बघायला आयसोलेशन फॉरेस्ट घ्या. २००८ मध्ये मांडलेली ही पद्धत सायकिट-लर्नमध्ये तयार मिळते, लेबल लागत नाहीत, वेगाने चालते. जे बिंदू गर्दीपासून सहज वेगळे काढता येतात ते संशयित, एवढाच तिचा विचार. वेळेचा क्रम तिला कळत नाही, म्हणून पाचव्या पायरीतले रकाने दिले तरच तिचा उपयोग.

मग ऑटोएन्कोडर किंवा एलएसटीएम ही न्यूरल नेटवर्कं. ऑटोएन्कोडर ५१ रीडिंग थोडक्या आकड्यांत दाबतो आणि त्यांतून मूळ रीडिंग पुन्हा उभी करतो. नेहमीची स्थिती नीट उभी राहते, अनोखी स्थिती वेडीवाकडी येते, आणि तो फरकच आपला शेष. एलएसटीएम मागची काही मिनिटं पाहून पुढचा सेकंद सांगतं.

या पुढचा सेकंद सांगणाऱ्या मॉडेलांबद्दल मी मुद्दाम सावध करतो. पातळीचा पुढचा आकडा पातळीच्याच मागच्या आकड्यावरून सांगायला दिला, तर मॉडेल आळशी उत्तर शिकतं: आत्ता आहे तेवढाच. चूक अगदी कमी दिसते, तुम्ही खूश होता. हल्ल्याच्या वेळी मात्र ते खोट्या आकड्याच्या मागोमाग निमूट चालतं आणि अलार्म वाजतच नाही. उपाय असा, की प्रत्येक सेन्सरचा अंदाज बाकीच्या सेन्सरांवरून काढा, किंवा पुढचा सेकंद न विचारता पाच मिनिटांनंतरचं विचारा.

हल्लेखोर सगळीच रीडिंग जुळवून खोटी करू शकतो का? करू शकतो. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या मालवेअरने इराणमधल्या नतांझ अणुकेंद्रातल्या सेंट्रिफ्यूजवर (वेगाने फिरणाऱ्या यंत्रांवर) असंच केलं होतं. नेहमीची रीडिंग आधी नोंदवून ठेवली आणि बिघाड घडवताना तीच परत दाखवली. यावर सॉफ्टवेअरचं उत्तर अपुरं पडतं. महत्त्वाच्या पंपाच्या मोटरचा करंट किंवा कंपन वेगळ्या वायरने, त्या पीएलसीशी संबंध नसलेल्या लॉगरवर घ्या आणि त्याची गाठ बाकीच्या रीडिंगशी घाला.

पायरी ८: मोजताना स्वतःला फसवू नका

एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. मॉडेल ९९ टक्के वेळा बरोबर आहे, म्हणजे रोज ८६४ सेकंद चुकीचे. ऑपरेटर दुसऱ्याच शिफ्टला अलार्मचा आवाज बंद करतो, आणि त्याचं बरोबर असतं. म्हणून अचूकतेची टक्केवारी बाजूला ठेवा. दोनच प्रश्न विचारा: ३६ पैकी किती हल्ले पकडले आणि प्रत्येक किती सेकंदांत? आणि दिवसाला खोटे अलार्म किती?

हल्ले घटनेनुसारच मोजा, सेकंदांनुसार नको. हल्ल्याच्या दिवसांतल्या एकूण ओळींपैकी सुमारे १२ टक्के ओळी हल्ल्याच्या आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त एकाच, तासन्‌तास चाललेल्या हल्ल्याच्या. तो एकटा पकडला तरी सेकंदांच्या हिशेबात मॉडेल उत्तम दिसतं, मग बाकीचे पस्तीस सुटले तरी चालून जातं.

संशोधनलेख वाचताना "पॉइंट अॅडजस्ट" हे शब्द शोधा. या पद्धतीत हल्ल्याच्या काळातला एक सेकंद जरी पकडला तरी अख्खा काळ पकडला असं धरतात. २०२२ मध्ये सोलच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की या मोजणीत निव्वळ यादृच्छिक आकडेसुद्धा नावाजलेल्या मॉडेलांना मागे टाकतात. असे आकडे पाहून मॉडेल निवडू नका.

आणखी एक गोष्ट तपासा. स्वॉटमध्ये एआयटी २०१ सारख्या, पाण्याचे गुणधर्म मोजणाऱ्या काही सेन्सरांची नेहमीची पातळीच शिकायच्या आणि परीक्षेच्या दिवसांत वेगळी आहे, हल्ला नसतानासुद्धा. असे रकाने खोट्या अलार्मची खाण असतात. शिकायच्या दिवसांतले आपसातले फरक पाहून ते ओळखा आणि त्यांना स्थिर किमतीऐवजी बदलाचा वेग म्हणून वापरा.

पायरी ९: खऱ्या प्लांटवर नेताना

मॉडेल आधी नुसतं सावलीसारखं चालवा. अलार्म फक्त तुमच्याकडे यावेत, कंट्रोल रूममध्ये नकोत. दोन-तीन महिन्यांत बॅकवॉश, कॅलिब्रेशन, रविवारचं कमी उत्पादन, पावसाळ्यातलं गढूळ पाणी, शटडाउननंतरची सुरुवात हे सगळं एकदा तरी येऊन जातं. प्रत्येक खोटा अलार्म मेंटेनन्सच्या नोंदवहीशी ताडून बघा. बहुतेकांचं कारण तिथे मिळतं: कुणीतरी इंटरलॉक (धोकादायक क्रिया अडवणारी सोय) बायपास केलेला असतो, सेन्सर काढून धुतलेला असतो, हातानं व्हॉल्व्ह फिरवलेला असतो. म्हणून वर्क परमिटची (दुरुस्तीच्या लेखी परवानगीची) वेळ मॉडेलला कळेल अशी सोय करा. पण परमिट असताना अलार्म पूर्ण बंद करू नका, त्याचा दर्जा खाली आणा. घुसखोराला मेंटेनन्सची वेळ ठाऊक असू शकते.

अलार्ममध्ये "विसंगती ०.९३" असं लिहून पाठवू नका. "टाकी १०१ मध्ये पाणी येत नाही, पंप चालू आहे, तरी पातळी चार मिनिटं वाढतेय" असं मराठीत लिहा. रात्रपाळीच्या ऑपरेटरला पुढे काय करायचं ते कळलं पाहिजे: टाकीवर जाऊन काचेच्या नळीत खरी पातळी बघ, पंप लोकलवर, म्हणजे जागेवरच्या बटणावर, घे, अमुक माणसाला फोन कर. ही कृती आधी लिहून, एकदा तरी करून बघून ठेवा.

मॉडेलच्या हातात काहीही बंद करायचा अधिकार देऊ नका, आणि सुरक्षेच्या ट्रिप यंत्रणेला (धोका दिसताच प्लांट आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेला) ते जोडूच नका. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ट्रायटन नावाचं मालवेअर थेट अशा सुरक्षा नियंत्रकांमध्येच शिरलं होतं. त्या पेटीकडे जाणारी प्रत्येक नवी वायर म्हणजे नवी वाट.

अलार्म खरा निघाला तर भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते, आणि स्काडा व औद्योगिक यंत्रणांवरचे हल्लेही त्यात येतात. लॉग १८० दिवस ठेवणंही त्याच निर्देशांत आहे. पीएलसीमधला प्रोग्रॅम पुन्हा टाकायच्या आधी चालू प्रोग्रॅमची प्रत काढून ठेवा, नाहीतर पुरावा तुमच्याच हाताने पुसला जातो.

मग मॉडेल पुन्हा शिकवायची वेळ येते. नवा पंप बसला, सेट पॉइंट (यंत्रणेला ठरवून दिलेली किंमत) बदलला, की जुनं "नेहमीचं" राहत नाही. आपोआप रोज शिकणारं मॉडेल नवख्याने लावू नये, कारण सावकाश चाललेला हल्लाही ते नेहमीचं म्हणून शिकून टाकतं. ठरावीक काळाने, हाताने शिकवा. ज्या तासांबद्दल शंका अजून मिटलेली नाही ते वगळा, आणि नवं मॉडेल लावल्यावरही जुनं महिनाभर शेजारी चालू ठेवा. दोघांचं ज्या क्षणी पटत नाही, ते क्षण आधी तपासा.